घरभर एक सूर

पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला, म्हणजे १ एप्रिलला, ‘गीतरामायणा’तले पहिले गीत प्रसारित झाले. पुढे वर्षभर, आठवड्याला एक या हिशेबाने, गदिमांची आणि सुधीर फडक्यांची ती छप्पन्न गीते घरोघर पोचली. त्या दिवसांच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे अजून भेटतात. ती म्हणतात, गाण्याच्या वेळी गल्लीतून चालत निघालो, तरी एकही ओळ चुकत नसे. एका खिडकीतला सूर मागे पडतो न पडतो, तोच पुढच्या खिडकीतून तोच सूर पुढे चालू झालेला असे.

या चमत्काराचे श्रेय कोणी घेतले नाही, कारण हा चमत्कार आहे हेच मुळी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शंभर घरांत शंभर रेडिओ वाजत आहेत आणि शंभरांचा ताल एक आहे! रेडिओची लहर प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर, धावते. पुण्याहून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला सरळ रेषेत यायचे, तरी तिला सेकंदाचा हजारावा भाग पुरेल. मग एका गल्लीतल्या दोन घरांत फरक पडायचा तो किती?

आता आजची गंमत पाहा. क्रिकेटचा सामना चालू आहे. तुम्ही मोबाइलवर पाहता आहात, शेजारी टीव्हीवर. गोलंदाज धावत निघालेला असतो, चेंडू अजून त्याच्या हातात असतो, आणि एवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी ऐकू येते, ‘आउट!’ तुमचा फलंदाज मात्र अजून बॅट टेकवून उभा! शेजारच्या घराने तुमचे भविष्य आधीच वाचलेले असते.

साठ-सत्तर वर्षांत यंत्रे किती सुधारली! आवाज स्वच्छ झाला, खरखर गेली, हवे ते गाणे हवे तेव्हा मिळू लागले. पण शंभर घरांचे सोडा, एका घराच्या तीन खोल्यांत एकच गाणे एकाच क्षणी वाजणे, हे जुन्या रेडिओने फुकट दिलेले सुख मात्र हरवले. ते का हरवले आणि कोणी कसे परत मिळवले, याचीच हकिकत आज सांगायची आहे. मराठीच्या प्राध्यापकाने यंत्राच्या गोष्टी सांगाव्यात हे थोडे विचित्र खरे. पण ही गोष्ट यंत्राइतकीच घरसंसाराचीही आहे.

कान किती माफ करतो?

आधी कानाचा विचार करू. ध्वनी हा प्रकाशाच्या मानाने फारच संथ प्रवासी. हवेतून तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आमच्या साखरखेर्ड्याच्या परिसरात ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामउल्मुल्क आणि मुबारिझखान यांची प्रसिद्ध लढाई झाली. मुबारिझखान पडला, निजामाची दख्खनेतली सत्ता पक्की झाली. त्या दिवशी कोसभर अंतरावरच्या टेकाडावर एखादा गुराखी उभा असता, तर तोफेच्या तोंडचा धूर त्याला तत्क्षणी दिसला असता आणि धडाका ऐकू यायला मनात सावकाश आठ-नऊ अंक मोजावे लागले असते.

घरात अंतरे लहान, म्हणून विलंबही लहान. सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. एका मिलिसेकंदात ध्वनी जेमतेम ३४ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडा अधिक सरकतो. दिवाणखान्यातला आवाज दहा मीटरांवरच्या स्वयंपाकघरात पोचायला तीसएक मिलिसेकंद लागतात.

एकच आवाज दोन दिशांनी, थोड्या अंतराने कानावर पडला तर काय होते, याचा अभ्यास जर्मनीत गटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी केला. त्यांचा प्रबंध १९४९ चा. त्यातून दिसले ते असे, की दुसरा आवाज तीसएक मिलिसेकंदांच्या आत आला तर कान तो माफ करतो. दोन्ही आवाज एकच समजून पहिल्याच्या पदरात टाकतो. अंतर पन्नास मिलिसेकंदांच्या पलीकडे गेले, की मात्र बोलण्यात प्रतिध्वनी जाणवू लागतो, शब्दावर शब्द चढतो. गाणे असेल तर नुसते विस्कटल्यासारखे वाटते. पण प्रवचन किंवा बातम्या असतील तर अर्थच हाती लागत नाही. आणि ज्यांचे कान वयाने थकले आहेत, त्यांना तर हा गोंधळ फारच जाचतो.

आमचा वाडा आणि एक हट्ट

हे सारे आम्हांला पुस्तकातून कळण्याआधी घरातच कळले. साखरखेर्ड्यातले आमचे घर जुन्या वळणाचे आहे. पुढे ओटा, मग ढाळज, मग चौक, त्यामागे माजघर आणि अगदी आत आईची खोली. भिंती मातीच्या, दीड-दोन हात रुंदीच्या. मी नोकरीनिमित्त शहरात असतो; थोरले बंधू, वहिनी आणि पुतण्या गावी असतात. दिवाळीला सारे जमतात.

आमच्या गावाला कीर्तन-प्रवचनांची सवय जुनी आहे. पलसिद्ध महास्वामींचा मठ आणि प्रल्हाद महाराजांचे संस्थान यांमुळे साखरखेर्ड्याचे नाव भाविकांना दूरवर ठाऊक आहे. आईचे सारे आयुष्य त्या कानाच्या सवयीत गेले. पण वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तिचे खुब्याचे हाड मोडले आणि ती खोलीतून बाहेर येईनाशी झाली. सकाळी ढाळजेत बंधू ध्वनिमुद्रित कीर्तन लावतात. दिवाळीच्या पहाटे सनई लागते. घर ते ऐकत ऐकत आंघोळी करते, रांगोळ्या काढते, फराळाची ताटे भरते. त्या जाड भिंतींतून आईपर्यंत पोचे ती फक्त घुमघुम.

साधा उपाय म्हणून तिच्या उशाशी एक वेगळा लहान रेडिओ ठेवला. तिने तो दोन दिवसांत बंद करवला. म्हणाली, “एकटीसाठी वेगळं नोका लावू. घर जे ऐकते, ते मले ऐकू द्या.”

या एका वाक्याने मी गप्प झालो. तिला आवाज हवा नव्हता, घर हवे होते. कीर्तनात बुवांनी काही विनोद केला की ढाळजेत हशा पिकतो. त्या हशात तिला त्याच क्षणी सामील व्हायचे होते. पाच मिनिटांनी किंवा अर्ध्या सेकंदानेही नाही!

मग बाजारातली बिनतारी ध्वनिपेटी आणून तिच्या खोलीत ठेवली आणि ढाळजेतल्या पेटीशी जोडली. आवाज आला; पण एक तृतीयांश सेकंद मागून. भिंतीतून झिरपणारा आधी आणि उशाशी वाजणारा नंतर. आईने डोळे मिटून क्षणभर ऐकले आणि पुतण्याला म्हणाली, “बापू, एक बुवा ढाळजेत बोलते आन् दुसरा माह्या उशाशी तेच पुन्हा बोलते. मी कोणाचं ऐकू?”

पुतण्या अभियांत्रिकीला आहे. तो हसला नाही. “थांब आजी, दोघांचं पटवून देतो,” एवढेच म्हणाला आणि कामाला लागला.

पंगतीचा न्याय

त्याने जे आणले त्याचे नाव स्नॅपकास्ट. हे विकतचे यंत्र नव्हे, संगणकाला घालून द्यायची आज्ञावली आहे, सॉफ्टवेअर आहे. योहानेस पोल नावाच्या जर्मन माणसाने ते लिहिले आणि सर्वांसाठी मोकळे ठेवले. घरात एक संगणक वाढप्याचे काम करतो. त्याला सर्व्हर म्हणतात. प्रत्येक खोलीत एक लहानसा संगणक, पत्त्याच्या पानाएवढा रास्पबेरी पाय म्हणा किंवा कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड मोबाइल म्हणा, त्याला साधी ध्वनिपेटी जोडून ठेवायची. वाढपी बिनतारी जाळ्यातून सर्वांना गाणे वाढतो.

पण वाढायचे तर वाट सारखी नसते. संगणकाच्या जाळ्यातून गाणे अखंड धारेसारखे जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करून, पाकिटात घालून ते धाडले जाते. एखादे पाकीट पटकन पोचते, एखादे गर्दीत अडकते, एखादे वाटेत हरवून पुन्हा मागवावे लागते. जुन्या रेडिओची लहर थेट होती. इथे सारा टपालखात्याचा कारभार! म्हणून हा माल घेणारे प्रत्येक यंत्र थोडा साठा आधी जमवून मगच वाजवू लागते. कोणाचा साठा मोठा, कोणाचा लहान. तुमच्या मोबाइलवरचा फलंदाज शेजाऱ्याच्या टीव्हीवरच्या फलंदाजानंतर बाद होतो तो याच कारणाने. सुधारलेल्या यंत्रांत एकतानता हरवली ती इथे.

मग स्नॅपकास्ट काय करते? मला ते समजले ते पंगतीवरून. आपल्या पंगतीत पहिल्या पानावर वरणभात आधी पडतो, शेवटच्या पानावर सर्वांत उशिरा. पण पहिला माणूस लगेच जेवू लागत नाही. सर्वांची पाने वाढून होईतो तो हात आवरून बसतो. मग यजमान हात जोडून सांगतो, आणि सारी पंगत एकदम पहिला घास घेते. शेवटच्या माणसाला लवकर वाढून ही एकवेळ साधलेली नसते. पहिल्या माणसाला थांबवून साधलेली असते.

अगदी तसेच इथे घडते. सर्व्हर गाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का मारतो. तो शिक्का पाहून प्रत्येक खोलीतले यंत्र तुकडा लगेच वाजवत नाही, ठरल्याइतके थांबून वाजवते. हे थांबणे नेहमीच्या मांडणीत एक सेकंदाचे असते. एवढ्या सेकंदात लांबच्या खोलीतले रेंगाळलेले पाकीटही पोचलेले असते, आणि मग तिन्ही खोल्या एका क्षणी तोंड उघडतात.

हा न्याय मोठमोठ्या कामांतही लागतो. नारायणगावजवळ खोडद येथे जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या काही किलोमीटरांवर विखुरलेल्या आहेत. आकाशातली एकच लहर त्यांना निरनिराळ्या क्षणी भेटते. आधी भेटलेल्यांना मुद्दाम थोपवून धरतात, तेव्हा कुठे तिसांचा मिळून एक डोळा होतो. खोडदला तारे ऐकायचे असतात, आम्हांला कीर्तन. थांबण्याची रीत तीच.

घड्याळांचे भांडण

आता चाणाक्ष वाचक विचारतील, की ‘अमक्या क्षणी वाजवा’ हे ठीक; पण क्षण कोणाच्या घड्याळाचा? तिन्ही खोल्यांतल्या संगणकांची घड्याळे सारखी कुठे असतात?

नसतातच. दोन घड्याळे एका गावात नांदल्याचा मोठा अनुभव मुंबईला आहे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठी प्रमाणवेळ लागू झाली. पण मुंबईकरांनी आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि पुढे कित्येक दशके ती चालत राहिली. तरी शहाण्या मुंबईकराची गाडी चुकत नसे. कारण त्याने आपले घड्याळ बदलले नसले, तरी दोन घड्याळांतला फरक त्याला तोंडपाठ होता.

स्नॅपकास्टची युक्ती हीच. खोलीतल्या यंत्राचे घड्याळ ते बदलत नाही. सर्व्हरच्या घड्याळाशी त्याचा फरक किती, तेवढे माहीत करून घेते. कसे? समजा, माझ्या घड्याळात बरोबर दहा वाजता मी एका मुलाला चिठ्ठी देऊन तुमच्या घरी पिटाळले. तुमच्या घड्याळात तो दहा वाजून सात मिनिटांनी पोचला. तुम्ही तसे लिहून त्याला त्याच पावली परत पाठवले. माझ्या घड्याळात तो दहा वाजून चार मिनिटांनी परतला. जाऊन येऊन चार मिनिटे, म्हणजे एका वाटेची दोन. तेव्हा तो तुमच्या दारी पोचला त्या वेळी माझ्या घड्याळात दहा वाजून दोन मिनिटे झालेली असणार, तुमच्यात सात. म्हणजे तुमचे घड्याळ पाच मिनिटे पुढे. हे इतके सोपे आहे! मुलगा वाटेत गोट्या खेळत बसला तर हिशेब बिघडेल, म्हणून यंत्रे ही चिठ्ठी पुनःपुन्हा धाडतात आणि आलेल्या उत्तरांतले मधले उत्तर धरतात.

एवढ्यानेही भागत नाही. संगणकाच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी एका चालीचे नसतात. दहा लाख सेकंदांत वीस सेकंदांचा फरक, हा काही मोठा दोष मानत नाहीत. पण तेवढ्यानेही तासाभराच्या कीर्तनात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते. पूर्वरंगात एकजीव असलेले दोन बुवा उत्तररंगात पुन्हा विभक्त व्हायचे!

यावरचा उपाय मला सर्वांत मनोहर वाटला. ध्वनी संगणकात साठवतात तो बिंदूबिंदूंनी. एका सेकंदाच्या आवाजाचे ४८ हजार बिंदू. एखादी खोली मागे पडू लागली की तिचे यंत्र मधलाच एखादा बिंदू गुपचूप गाळते. पुढे जाऊ लागली तर एखादा बिंदू दोनदा वाजवते. वरच्या उदाहरणातली तफावत भरून काढायला सेकंदामागे ४८ हजारांतला जेमतेम एक बिंदू पुरतो. कोणत्याही कानाला ते कळत नाही. भजनात पुढे निघालेला टाळकरी पखवाजाकडे कान देऊन किंचित आवरतो, मागे राहिलेला किंचित सरसावतो. कोणी कोणाला थांबवत नाही आणि भजन चालू राहते. तसलाच हा समजूतदारपणा.

परिणाम असा, की खोल्याखोल्यांतला फरक साधारणपणे मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहतो. ध्वनीच्या भाषेत ते सात सेंटिमीटर झाले. म्हणजे उशीवरचे डोके या कुशीवरून त्या कुशीवर नेले तरी याहून मोठा फरक पडावा.

घडण उघडी ठेवणे

इथवर यंत्राची गोष्ट झाली. पण खरी गोष्ट यापुढे आहे. खोल्याखोल्यांत एकसारखे वाजणारी यंत्रे बाजारात विकतही मिळतात, आणि उत्तम मिळतात. मग ही खटपट कशाला?

आम्हीही एक तसला संच काही वर्षांपूर्वी घेतला होता. पेट्या धडधाकट होत्या. पण त्या चालायच्या कंपनीच्या दूरवरच्या संगणकाला विचारून. पुढे घरातला मोबाइल बदलला आणि नव्या मोबाइलला ती जुनी पेटी ओळखू येईना. कंपनीला लिहिले तर उत्तर आले, की आता नवा संच घ्यावा. पेटीत काही मोडले नव्हते. मोडला होता तो तिचा आणि कंपनीचा संबंध.

हे आमच्याच नशिबी आले असे नाही. गूगलने २०१५ साली क्रोमकास्ट ऑडिओ हे छोटे यंत्र काढले. साध्या ध्वनिपेटीला ते जोडले की घरभर एकत्र गाणे वाजे. २०१९ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर झाले. तरी लोकांच्या घरी ती यंत्रे सुखाने चालत होती. ९ मार्च २०२५ ला जगभर ती अचानक अडून बसली. आतल्या एका अंकीय प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती धाडली हे खरे. पण तोवर मालकाला स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या पैशाच्या यंत्रापुढे हात जोडून बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

याउलट दुसरी कथा ऐका. अमेरिकेतल्या स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००१ साली घरच्या जाळ्यावर गाणी वाजवणारे यंत्र काढले. पुढे स्क्वीझबॉक्स या नावाने ही यंत्रे लोकप्रिय झाली आणि त्यांनाही अनेक खोल्यांत एकत्र वाजता येई. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये हा सारा व्यवहार गुंडाळला. पण गाणी पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरची घडण पहिल्यापासून उघडी होती. वापरणाऱ्यांतल्याच जाणकारांनी ती सांभाळली, सुधारली. आज ते लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने जिवंत आहे आणि वीस वर्षांच्या जुन्या पेट्या अजून गात आहेत. दुकान बंद झाले. पण पाककृती घरोघर गेलेली होती.

ओपन सोर्स, मुक्त सॉफ्टवेअर, या शब्दांचा अर्थ इतकाच. आपण चिवड्याचे पाकीट विकत आणतो तेव्हा चव मिळते, कृती मिळत नाही. आजीकडून चिवडा शिकतो तेव्हा कृती मिळते. मग तिखट कमी करा, खोबरे वाढवा, सुनेला शिकवा, कोणाची आडकाठी नाही. स्नॅपकास्ट ज्या परवान्याखाली दिले आहे, त्याचे नाव जीपीएल. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ आरंभली, तिच्यातून १९८९ मध्ये हा परवाना निघाला. त्यात एक सुरेख अट आहे. घ्या, वापरा, बदला, वाटा. पण बदललेले दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याची कृतीही उघडी द्या. मिळालेले दान कुलपात घालू नका.

आमच्या पुतण्याने त्या सॉफ्टवेअरचा एकही पैसा दिला नाही. पण मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. ‘हे असे का होते?’ या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या घडणीतच लिहिलेले त्याला वाचता आले. जर्मनीतल्या एका माणसाने केलेला विचार साखरखेर्ड्याच्या ढाळजेत बसून एका मुलाने ओळीओळीने वाचला. मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, वाचनाचा असला प्रसंग वर्गात क्वचितच येतो.

उण्या बाजू

आता हे वाचून लगेच खरेदीला निघणाऱ्यांना सावध करायला हवे. हे सजवून, पेटीत घालून मिळत नाही. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिण्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांना घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या होतकरू मुलाची आळवणी करावी लागेल.

दुसरे, तो थांबण्याचा एक सेकंद. गाणे ऐकायला तो आड येत नाही. पण टीव्हीचे चित्र एकीकडे आणि आवाज या वाटेने दुसरीकडे, असे केलेत तर ओठ आधी हलतील, शब्द मागून येतील. घरात कोणी पेटी वाजवत असेल आणि तिचा सूर त्याच क्षणी दुसऱ्या खोलीत हवा असेल, तर तेही इथे नाही. पंगतीत थांबावेच लागते.

तिसरे, भिंती. जाळ्याच्या लहरींना मातीच्या जाड भिंती मानवत नाहीत. आमच्या घरी आईच्या खोलीपर्यंत शेवटी तार ओढावी लागली; बिनतारी विद्येच्या सेवेला वीस हात तार! शहरातल्या विटांच्या तीन खोल्यांना ही अडचण सहसा येणार नाही. आणि वीज गेली की सारे विज्ञान एकदम मुके होते, हे सांगायला नकोच.

एकत्र ऐकणे

तार जोडली त्या दिवशी बंधूंनी नेहमीचे कीर्तन लावले. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने ढाळजेत हशा झाला, आणि त्याच क्षणी आतून तिचाही हसण्याचा आवाज आला. वहिनींनी हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे पाहिले. पुतण्या मात्र पडद्यावरचे आकडे पाहत होता. त्याच्या मते ते आकडे फार चांगले आले होते.

पुढे त्याने आणखी एक सोय करून ठेवली. या सॉफ्टवेअरमध्ये खोल्यांचे गट पाडता येतात आणि प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा कमीजास्त करता येतो. सकाळी कीर्तनाला सारे घर एक. दुपारी त्याच्या खोलीत त्याची गाणी, ओट्यावर बंधूंच्या बातम्या आणि आईच्या खोलीत शांतता. ज्याला नको त्याने आपली खोली मुकी करावी. बाकीच्यांचा ताल त्याने बिघडत नाही.

जुन्या रेडिओच्या दिवसांत साऱ्या गल्लीने एक गाणे ऐकले, ते सुंदरच होते; पण त्या काळी ऐकायला दुसरे फारसे काही नव्हते, हेही तितकेच खरे. आज प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे असू शकते, आणि बहुतेक घरांत ते तसे असतेही. एका घरात चार माणसे, चार मोबाइल आणि चार जगे. अशा काळात सारे घर आपखुशीने एक सूर ऐकायला बसले, तर त्या ऐकण्याचे मोल रेडिओच्या काळाहून अधिक मानायला हवे. यंत्र त्यासाठी एक सेकंद थांबते. यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसताना माणसांनीही एकमेकांसाठी तेवढे थांबायला काय हरकत आहे?